परक्यानं किती उपयोगी पडायचं?

परदेशात भारतीयांना मारहाण झाल्याची बातमी आली की कोल्हापुरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘त्यांची हॉस्पिटलं आपल्या नर्सा चालवतात, कंपन्या आपली पोरं चालवतात, आणि वर हेच मारतात? बोलवा सगळ्यांना परत, मग कळेल.’ दुसरा म्हणतो, ‘आपलीच माणसं तिथं नीट राहत नाहीत. घोळक्यानं मोठ्यानं बोलायचं, मध्यरात्री फटाके उडवायचे, एका घरात दहा-दहा जण कोंबून राहायचं. लोक चिडणारच की.’ २०२५च्या जुलैमध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीयाला मारलं, तेव्हापासून रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर मी हेच ऐकतो आहे. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि एकाच कारणासाठी. परक्या माणसानं रस्त्यावरून सुखरूप घरी जाणं ही त्यानं कमवायची गोष्ट आहे, असं दोघंही धरून चालतात. एकाच्या मते ती उपयोगी पडून कमवायची, दुसऱ्याच्या मते शहाण्यासारखं वागून. माझं म्हणणं असं की ती कमवायची गोष्टच नाही. ती त्या शहरानं द्यायची असते, आणि शहर बदलत असलं, चिडलेलं असलं, तरीही द्यायची असते.

आधी घडलं काय ते पाहू. १९ जुलैला टालामध्ये चाळिशीतल्या त्या माणसाला टोळक्यानं घेरलं, रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं आणि भर रस्त्यात त्याचे कपडे काढले. तो आयर्लंडला नुकताच पोचला होता. त्यानं लहान मुलांशी गैरवर्तन केलं अशी आवई उठवली गेली. पोलिसांनी त्यात तथ्य नसल्याचं सांगितलं. रस्त्यानं चाललेली एक स्थानिक बाई थांबली, तिनं त्याला सावरलं आणि पुढं ती याविषयी उघडपणे बोलली. १ ऑगस्टला भारतीय दूतावासानं सूचना काढली, की आडवेळी निर्जन भागात जाऊ नका. त्याच दिवसांत वॉटरफर्ड शहरात घराबाहेर खेळणाऱ्या सहा वर्षांच्या एका मुलीला इतर पोरांनी मारलं आणि ‘भारतात चालती हो’ म्हणून सुनावलं. तिचे आईवडील भारतीय, तिचा जन्म आयर्लंडमधला, आणि आई नर्स. आता दोन्ही तटांनी आपापलं म्हणणं या एका घटनेला लावून पाहावं. सहा वर्षांच्या पोरीनं कोणते फटाके उडवले होते? आणि आईनं रात्र-रात्र केलेल्या ड्यूट्या तिच्या कामी कुठं आल्या?

माझी भाची डब्लिनला असते. उन्हाळ्यात ती रात्री आठला काम संपवून ट्रामनं घरी निघते तेव्हा आपल्याकडं साडेबारा वाजलेले असतात. ती घरात शिरल्याचा मेसेज येईपर्यंत माझी बहीण राजारामपुरीत जागी असते. टीव्ही लावलेला, आवाज बंद, फोन हातात. भाची मला म्हणाली, ‘मामा, ट्राममध्ये मी आता मराठीत फोन घेत नाही. आईचा आला तर कट करते, घरी पोचून लावते.’ तिला कुणी हात लावलेला नाही. समोरच्या सीटवरच्या दोन पोरांनी एकदा तिच्या बोलण्याची नक्कल केली आणि उतरताना मुद्दाम तिच्या बॅगेला धक्का दिला, एवढंच. तेव्हापासून ती दाराजवळची जागा शोधते, इयरफोन घालते पण गाणं लावत नाही, म्हणजे मागून कुणी आलं तर कळावं. पोलिसांच्या कुठल्याही नोंदीत हे यायचं नाही. दोन्ही तट तिला जे सांगतात त्यातलं तिच्या काय उपयोगाचं? परत ये म्हणावं, तर डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे आणि आयुष्याची चार-पाच वर्षं तिनं तिथं घातली आहेत. नीट वाग म्हणावं, तर ती नीटच वागत होती. आईशी बोलत होती.

‘आम्ही उपयोगी आहोत’ हा युक्तिवाद मला दोहोंत जास्त घातक वाटतो, कारण तो आपल्या बाजूचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत १८६०पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिया मजूर नेले. मळेवाल्यांना ते हवेच होते. करार संपल्यावर त्यातले काही तिथंच राहिले, भाजीपाला पिकवू लागले. मागोमाग गेलेल्या व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली, आणि गोऱ्यांचा सूर बदलला. १८९५च्या कायद्यानं करार संपूनही राहणाऱ्यांवर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. मजूर म्हणून या, शेजारी म्हणून राहू नका, हे त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलं. १३ जानेवारी १८९७ला गांधीजी दरबानला बोटीवरून उतरले तेव्हा जमावानं त्यांच्यावर अंडी आणि दगड फेकले, लाथा घातल्या. पोलीस सुपरिंटेंडेंटची पत्नी, मिसेस अलेक्झांडर, वाटेनं येत होती. ती आपली छत्री उघडून जमाव आणि गांधीजी यांच्या मध्ये उभी राहिली, म्हणून ते वाचले. पुढं १९७२मध्ये युगांडात ईदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. ते निरुपयोगी आहेत असं तो म्हणत नव्हता. बाजारपेठ त्यांच्याच हातात आहे, हीच त्याची तक्रार होती. परक्याचा उपयोग एकदा तराजूत घालायला लागलात की दोनच निकाल लागतात: कमी भरला तर तो भार, जास्त भरला तर तो लुटारू.

खुद्द डब्लिनचं उदाहरण याहून ताजं आहे. २३ नोव्हेंबर २०२३ला तिथं एका शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोराला स्वतःच्या हेल्मेटनं मारून खाली पाडणारा माणूस ब्राझीलहून आलेला, घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवणारा होता. त्याच संध्याकाळी परदेशी लोकांच्या नावानं शहरात दंगल झाली, बस आणि ट्राम पेटवल्या गेल्या. मूल वाचवण्याहून जास्त उपयोगी आणखी कसं पडायचं असतं? शिवाय डॉक्टर, नर्स, इंजिनिअर अशी यादी आपण अभिमानानं वाचतो तेव्हा त्या यादीत नसलेल्याला आपणच उघड्यावर सोडतो. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी, काम सुटलेला वेटर, मुलाकडं राहायला गेलेली म्हातारी आई यांना मारलं तर चालतं का?

दुसऱ्या तटाचं म्हणणं सगळंच खोटं नाही. ज्या गावात राहायचं तिथली रीत शिकावी, रात्री शेजाऱ्याची झोपमोड करू नये, कचरा जिथं टाकायचा तिथंच टाकावा. आपली काही माणसं परदेशात हे पाळत नाहीत आणि त्यांना ते सांगायलाच हवं. पण कचरा टाकला तर टाकणाऱ्याला दंड होतो. त्याच्या रंगाच्या दुसऱ्याच माणसाचं तोंड फोडणं हा त्यावरचा दंड नव्हे. टोळकं चौकशी करून मारत नाही. तिसरंही एक म्हणणं आहे, आणि ते जास्त विचारपूर्वक केलेलं आहे: बरेच हल्लेखोर अर्ध्या वयाची उनाड पोरं असतात, ती आपल्याच लोकांनाही लुटतात, मग प्रत्येक मारामारीला वंशद्वेष का म्हणायचं? हे काही घटनांपुरतं खरं असेल. तरी ‘तुमच्या देशात परत जा’ हे वाक्य त्या पोरांना कुणी शिकवलं, हा प्रश्न उरतोच. उनाडपणा त्यांचा स्वतःचा असेल. कुणाला मारलं तर फारसं कुणी विचारत नाही, हे मात्र ती मोठ्यांकडूनच शिकली.

सगळ्यात वजनदार मुद्दा शहराच्या बदलाचा आहे आणि तो मी मोकळेपणानं मान्य करतो. आयर्लंड हा पिढ्यानपिढ्या माणसं बाहेर धाडणारा देश. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात तिथली सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पुढं शंभरहून अधिक वर्षं गावं रिकामीच होत राहिली. त्याच देशात २०२२च्या जनगणनेत दर पाच रहिवाशांमागं एक बाहेर जन्मलेला निघाला. भारतीय नागरिकच ४५ हजारांहून जास्त. हे सगळं दोन-अडीच दशकांत झालं. दरम्यान घरं पुरेशी बांधली गेली नाहीत, भाडी आवाक्याबाहेर गेली, तिशीतली पोरं आईबापांच्या घरात अडकली. टालातल्या एखाद्या बापानं ‘हे कुणी ठरवलं, मला कुणी विचारलं?’ असं म्हटलं तर त्याला वंशद्वेष्टा म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. कोल्हापूरकरानं तरी हे समजून घ्यावं. १९७२ला महापालिका झाली, पण हद्दवाढीचा वाद अजून मिटलेला नाही. भोवतीची शेतं मात्र प्लॉट पडून केव्हाच गेली. ऑगस्ट २०२५मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे खटले इथं येऊ लागले, आणि त्याच्याही आधीपासून घरभाड्यांची चर्चा सुरू झाली होती. आपल्या गल्लीत आपल्यालाच परकं वाटायला लागतं तेव्हा माणूस अस्वस्थ होतो, हे मला कळतं.

पण त्या अस्वस्थतेचं पुढं काय होतं ते पाहा. परवाने सरकारनं दिले, घरं सरकारनं बांधली नाहीत, भाडं घरमालकानं वाढवलं. यातल्या एकाचीही कॉलर रस्त्यावर हाताला लागत नाही. हाताला लागतो तो ट्रामच्या थांब्यावर उभा असलेला माणूस. आयरिश लोकांनी हे स्वतः भोगलेलं आहे. १८४४मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात स्थलांतरित आयरिश कॅथलिकांच्या वस्तीवर हल्ले झाले, त्यांची चर्च जाळली गेली. तेही शहर तेव्हा झपाट्यानं वाढत होतं, तिथल्याही कामगारांना मजुरी घसरेल अशी भीती होती. ती भीती खरी होती म्हणून चर्च जाळणं बरोबर ठरतं का? आज एकशेऐंशी वर्षांनंतर एकही शहाणा माणूस तसं म्हणणार नाही.

चिडीला हात उगारायला कारण लागतं, आणि ते कारण जगभर एकाच ठिकाणाहून येतं: लहान मुलं. टालाची आवई मुलांचीच. मार्च २०१७मध्ये ग्रेटर नोएडात एक मुलगा दगावला, संशय नायजेरियन विद्यार्थ्यांवर घेतला गेला, आणि शिकायला आलेल्या आफ्रिकन पोरांना मॉलमध्ये खुर्च्यांनी मारलं. जुलै २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या शेजारी, जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारलं. राईनपाड्यात मारणारे आणि मरणारे बहुतेक याच महाराष्ट्रातले. ते परके ठरले कारण त्या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. डब्लिनमध्ये कातडीचा रंग जे काम करतो ते इथं अनोळखी चेहरा करतो.

इथं कुणीतरी वळिवड्याचं नाव काढणार, आणि काढावंच. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सत्तेनं घरादारातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानकडं नेलेली, इराणमार्गे इथवर पोचलेली ती माणसं, बहुतांश बायका आणि मुलं. महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सॉतल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली तेव्हा आपल्या सगळ्यांचा ऊर भरून आला. माझाही आला. तरीही या गोष्टीवर फार विसंबू नये असं मला वाटतं. ती छावणी गावाबाहेर होती, तिच्या शाळा, चर्च, कारभार वेगळा होता. ते लोक आपल्या नोकऱ्या मागत नव्हते, आपल्या गल्लीत खोली शोधत नव्हते. खरी कसोटी त्यांच्यानंतर आलेल्यांची. फाळणीनं उखडलेले सिंधी त्याच बराकींत आले, आणि त्यांनी दुकानं काढली. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरला जातो ते त्यातून उभं राहिलं. एवढं सांगून थांबलो तर कोल्हापूर मोठ्या मनाचं ठरतं. पण त्याच १९४८च्या सुरुवातीला, गांधीजींच्या हत्येनंतर, याच शहरात पिढ्यानपिढ्यांच्या शेजाऱ्यांची घरं जळाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. पाहुण्यांना आसरा देणारं आणि शेजाऱ्यांना जाळणारं शहर एकच होतं, सालही एकच होतं. शहराला जन्मजात मोठं मन नसतं. त्या त्या दिवशी चौकात कोण उभं राहतं आणि कोण दार लावून घेतं, त्यावर ठरतं. उपकारांच्या आठवणीही परक्याला वाचवत नाहीत. त्याच वॉर्सॉत २०२२मध्ये एका भारतीयाचा पाठलाग करून ‘तू आमच्यावर जगणारं बांडगूळ आहेस’ असं कॅमेऱ्यासमोर बोलणारा माणूस तर पोलिशही नव्हता. तो स्वतःला अमेरिकन म्हणवत होता.

आता घरचं. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या फौंड्र्यांत भट्टीपुढं, मोल्डिंगला, फेटलिंगला आज कोण उभं आहे? बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं. इचलकरंजीच्या मागांवर तेच. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या आहेत. एका खोलीत आठ जण, दिवसपाळीचे उठले की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचे आडवे होतात. दोरीवर आठ शर्ट, कोपऱ्यात एक शेगडी, दारात एक बादली, आणि भाडं डोक्यामागं. ही खोली भाड्यानं देणारा आपलाच माणूस, आणि डब्लिनमध्ये आपली पोरं दहा-दहा जण कोंबून राहतात म्हणून नावं ठेवणाराही आपलाच. वस्तीतून मोटरसायकल चोरीला गेली की पहिली झडती त्या खोलीची. नाव विचारायची पद्धत नाही, सगळे ‘भय्या’. २००८मध्ये नाशिक-पुण्यात उत्तर भारतीयांना मारलं आणि हजारो जण गाठोडी घेऊन स्टेशनवर आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली ती कामगार गेल्यानं कारखान्यांचं कसं होणार याची. तीही उपयोगाचीच भाषा होती.

मला सांगितलं जातं की ही तुलना चुकीची आहे, परप्रांतीय आणि परदेशी एक नव्हेत. बरोबर, एक नव्हेत. माझी भाची आयर्लंडमध्ये परवान्यावर आहे. तिथलं सरकार तो वाढवायचा नाकारू शकतं. झारखंडचा पोरगा कोल्हापुरात राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमावर आहे, आणि तो हक्क कुठला घरमालक किंवा चौकातलं टोळकं काढून घेऊ शकत नाही. म्हणजे फरक आहे तो त्याच्या बाजूनं आहे. दुसरी हरकत मराठीची. इथं राहणाऱ्यानं मराठी शिकावी हे माझंही ठाम मत आहे; माझी भाषा माझ्या गावात मला तोडकी करून बोलावी लागू नये. पण भाषा शिकायला वेळ लागतो, शिकवणारा लागतो, आणि बारा तास भट्टीपुढं उभं राहिल्यावर उरलेली ताकद लागते. इचलकरंजीत मागवाल्यांची मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत बसली की वर्षभरात घरात मराठी आणतात. कानाखाली मारून आजवर कुणी भाषा शिकलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या भाचीला ट्राममधल्या पोरांनी आयरिश येतं का असं विचारलं नव्हतं, कारण त्यांना भाषेशी काही घेणंच नव्हतं.

कायदा लागतोच. आयर्लंडमध्ये द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना वाढीव शिक्षा देणारा कायदा २०२४च्या डिसेंबरअखेर लागू झाला होता, आणि तरी सात महिन्यांत टाला घडलं. कायदा मार खाल्ल्यानंतर येतो. त्याआधीच्या दहा मिनिटांत जे येतं ते दरबानची छत्रीवाली बाई, टालामध्ये थांबलेली बाई. हल्ल्यानंतर टालातले स्थानिक लोक त्या माणसाच्या बाजूनं मोर्चा काढून रस्त्यावर आले, हेही आपल्याकडच्या चर्चेत कुणी सांगत नाही. कोल्हापुरात अशा वेळी बोलू शकणारी माणसं कोण हे आपल्याला माहीत आहे. पेठांमध्ये तालमीचा शब्द अजून चालतो. मंडळाच्या अध्यक्षानं ‘हात लावायचा नाही’ म्हटलं तर पोरं थांबतात. तो गप्प बसला तर त्याचाही पोरं अर्थ लावतात. मुलं पळवणाऱ्यांचा एखादा व्हिडिओ फोनवर फिरायला लागला तर पहिल्या तासात पोलिसांना फोन कोण लावणार, चौकात कोण उभं राहणार, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. डब्लिनमधल्या भारतीयांसाठी दूतावासानं निदान सूचना तरी काढली. ओडिशाच्या पोरासाठी कोल्हापुरात दूतावास नाही. त्याला पोलीस ठाणं आणि शेजारी एवढेच दोन आधार, आणि पोलीस ठाण्यात जायला तो घाबरतो. गणपतीआधी शांतता समितीच्या बैठका दरवर्षी होतात, विसर्जनाचा मार्ग आणि डॉल्बीचा आवाज यावर तास-तास जातो. येत्या बैठकीत पंधरा मिनिटं या विषयाला द्यावीत, आणि त्या पत्र्याच्या खोल्यांमधल्या दोघा-तिघांना पाळी बुडाल्याचा पगार देऊन तिथं बोलवावं.